बंद खोलींतील विजेची गिटार

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जेवणें आटोपून घर निजानीज होण्याच्या बेतांत असतें. अशा वेळीं मुंबई-पुण्याकडील कित्येक घरांत एक विलक्षण दृश्य दिसतें. कॉलेजांत जाणारा मुलगा आपल्या खोलींत गिटार मांडीवर घेऊन बसलेला असतो; कानांवर हेडफोन, समोर संगणक, आणि बाजूस वहीएवढी एक लहानशी पेटी. त्याची बोटें तारांवरून झरझर फिरत असतात, मान ठेक्यांत हलत असते, चेहऱ्यावर रणांगणावरील वीराचा आवेश असतो. पण दारांत उभ्या राहिलेल्या आईला ऐकूं येते ती केवळ तारांची बारीकशी टिकटिक. "अरे, वाजवितोस तरी काय? कांहींच ऐकूं येत नाहीं!" असें ती म्हणते, आणि वडील वर्तमानपत्रांतून मान वर काढून "आणि एवढ्यासाठीं म्हणे इतके हजार रुपये लागले!" अशी पुस्ती जोडतात. मुलाला ह्यांतलें अक्षरहि ऐकूं येत नाहीं. त्याच्या कानांत त्या क्षणीं मेघगर्जना चाललेली असते.

ह्या दृश्यांत दोन पिढ्या एकमेकींपासून जितक्या दूर दिसतात तितक्या त्या वस्तुतः नाहींत. वडील माणसांचा प्रश्न रास्त आहे. बंद दाराआड जें चाललें आहे तें विद्येच्या खात्यांत जमा करावयाचें कीं करमणुकीच्या, हें त्यांना कळावयास हवें असतें. मुलाची तळमळहि तितकीच खरी असते. आपलें वाजविणें टिपून ठेवावें, तें दुसऱ्याच्या कानानें ऐकावें, सुधारावें, आणि मग चार जणांना ऐकवावें, अशी ती तळमळ होय. दोहोंमध्यें जें अंतर पडतें तें पुष्कळदां केवळ माहितीच्या अभावीं पडतें. त्या लहानशा पेटींत काय घडतें, तिच्यामुळें काय साधतें आणि काय हातचें जातें, हें घरांतील सर्वांना समजलें, तर तें बंद दार निदान किलकिलें तरी होईल.

प्रथम आईच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास पाहिजे. पोकळ पोटाच्या साध्या गिटारींत तारेचा कंप लांकडी पेटीला मिळतो, पेटी भोंवतालच्या हवेला हलविते आणि आवाज मोठा होतो. सतारीचा किंवा तंबोऱ्याचा भोपळा हेंच काम करतो. विजेच्या गिटारीचें अंग मात्र बहुधा भरीव लांकडाचें असतें. तिला भोपळा नाहीं आणि पोटहि नाहीं. तिच्या तारांखालीं लोहचुंबक बसविलेले असतात व त्यांच्याभोंवतीं केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. ह्या रचनेला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकापाशीं थरथरली म्हणजे तेथील चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर डोलतें, आणि त्या वेढ्यांत तशीच डोलणारी क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं जें तत्त्व शोधून काढलें त्याचाच हा एक उपयोग. जॉर्ज बीचम नांवाच्या अमेरिकन वादकानें १९३१ सालच्या सुमारास असें वाद्य सिद्ध केलें. १९३२ पासून रिकनबॅकरच्या कारखान्यानें तें विक्रीस आणलें, आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट मिळालें. त्या वाद्याचें अंग वाटोळें व मान लांब असल्यामुळें लोक त्याला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळण्याचा तवा, असें गमतीनें म्हणूं लागले. तात्पर्य, विजेची गिटार ही स्वभावतःच मुकी आहे. तिचा आवाज तीन ठिकाणीं मिळून घडतो: गिटार, तिची वीज वाढविणारा ॲम्प्लिफायर, आणि त्या विजेनें हवा हलविणारा स्पीकर. ह्या तिघांपैकीं शेवटचे दोघे आज संगणकांत जाऊन बसले आहेत. म्हणून आईला कांहीं ऐकूं येत नाहीं.

घरांत बसून गिटारीचें ध्वनिमुद्रण करण्याची कल्पना आजच्या तरुणांची नव्हे. तिचा मोठा पुरस्कर्ता लेस पॉल हा होय. हा वादक १९१५ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत जन्मला. हाताला जितका तयार, तितकाच यंत्रविद्येंतहि. हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्यें, म्हणजे मोटार ठेवण्याच्या जागेंत, त्यानें स्वतःचें ध्वनिमुद्रणगृह उभारलें. तबकडी कोरण्याचें यंत्रहि त्यानें स्वतःच जुळविलें होतें, आणि त्याचें जड चाक एका कॅडिलॅक मोटारीचें होतें. एका तबकडीवर एक गिटार मुद्रित करावयाची, ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसरी गिटार वाजवावयाची व दोन्ही मिळून नव्या तबकडीवर कोरावयाच्या, असा त्याचा क्रम असे. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लव्हर' ह्या तबकडीवर आठ गिटारी ऐकूं येतात आणि त्या आठहि एकट्या लेस पॉलनें वाजविलेल्या आहेत. त्याच वर्षाच्या आरंभीं मोटारीच्या अपघातांत त्याचा उजवा हात मोडला. कोपर पुनः वांकणार नाहीं असें दिसतांच त्यानें डॉक्टरांना सांगून तो हात गिटार धरतां येईल अशा कोनांत बसवून घेतला. वाद्यावरील निष्ठा म्हणतात ती ही.

१९४९ सालीं बिंग क्रॉस्बी ह्या विख्यात गायकानें त्याला ॲम्पेक्स कंपनीचें फितीवर ध्वनिमुद्रण करणारें यंत्र भेट दिलें. लेस पॉलनें त्यांत एक जादा भाग बसवून, जुना आवाज ऐकत असतांनाच त्याच फितीवर नव्यासह तो पुनः मुद्रित करण्याची सोय केली. मेरी फोर्ड ही त्याची पत्नी व सहगायिका. दोघांचीं १९५१ सालचीं गाणीं अमेरिकेंत घरोघर गाजलीं तीं ह्याच रीतीनें तयार झालेलीं होतीं. परंतु ह्या सोयीला एक भयंकर अट होती. नवा थर चढतांना जुना पुसला जाई. म्हणजे सात थर निर्दोष झाले आणि आठव्यांत एक बोट चुकलें, तर आठवाच नव्हे, आठहि गेले. पुनः श्रीगणेशा! त्या काळीं मुंबईच्या चित्रपटांचीं गाणीं मुद्रित होत तेव्हांहि हीच कसोटी असे. गायक आणि सारा वाद्यवृंद (त्यांत गोव्याकडील वादकांचा भरणा मोठा) एकाच वेळीं वाजवी. एकाची चूक झाली कीं सर्वांनीं पहिल्यापासून आरंभ करावयाचा. चुकीची किंमत अशी मोठी असल्यामुळें माणसें तयारी करून येत, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावयास हवी.

आतां मुलाच्या बाजूच्या त्या पेटीकडे वळावें. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. गिटारीच्या विजेचे आंकडे करणें आणि संगणकांतील आंकड्यांची पुनः वीज करून हेडफोनला देणें, हें तिचें काम. आंकडे कसे होतात हें समजण्यास रोग्याच्या तापाचा तक्ता आठवावा. परिचारिका दर चार तासांनीं ताप मोजते, तक्त्यावर ठिपका देते, आणि ठिपके जोडले कीं तापाचा चढउतार डोळ्यांपुढें उभा राहतो. ही पेटी गिटारीच्या विजेचा ताप सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळां मोजते. एवढी घाई कशासाठीं? जी लहर सेकंदाला जितक्या वेळां वरखालीं होते, तिच्या दुपटीहून अधिक वेळां ती मोजली तर ती पुरतेपणीं परत उभी करतां येते, असा ह्या शास्त्राचा सिद्धांत आहे. हॅरी नायक्विस्ट व क्लॉड शॅनन ह्यांचीं नांवें त्याच्याशीं निगडित आहेत. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारें २०,००० कंपांपलीकडे ऐकूं येत नाहीं. त्याची दुप्पट ४०,०००, आणि वर थोडी सोडचिठ्ठी. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं ४४,१०० हा आंकडा ठरला तो ह्याच हिशेबानें.

किती वेळां मोजावें हा एक प्रश्न, आणि किती बारकाईनें मोजावें हा दुसरा. तापमापकावर जितक्या रेघा अधिक तितका ताप नेमका कळतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या तापमापकावर ६५,५३६ रेघा आहेत; ह्याला १६ बिट म्हणतात. आजच्या घरगुती पेटींत बहुधा २४ बिट असतात, म्हणजे १,६७,७७,२१६ रेघा. ह्या संपत्तीचा खरा लाभ असा, कीं आवाज मुद्दाम थोडा हळू ठेवून मुद्रित केला तरी त्याचें बारीक अंग हरवत नाहीं. नवशिके नेमकें ह्याच्या उलट करतात. आवाज भरघोस यावा म्हणून ते पेटीची कळ इतकी पिळतात, कीं जोराच्या आघातासरशीं तांबडा दिवा लागतो. तापमापकाचा पारा नळीच्या टोंकाला भिडला म्हणजे खरा ताप किती हें कोणासच सांगतां येत नाहीं. तसेंच येथें होतें. लहरीचें डोकें कापलें जातें आणि तें मागाहून कोणत्याहि उपायानें जोडतां येत नाहीं. म्हणून सर्वांत जोराचा आघात करून पाहावा, आणि त्या वेळीं कांटा कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खालीं राहील अशी कळ लावावी.

दुसरी चूक तार खुपसण्याच्या जागेची. पेटीवर मायक्रोफोनसाठीं एक जागा असते आणि वाद्यासाठीं निराळी. किंवा एकाच जागेला 'इन्स्ट्रुमेंट' अथवा 'हाय-झेड' असें लिहिलेलें बटन असतें. पिकअपची वीज म्हणजे उन्हाळ्यांतील क्षीण झरा. त्याला मोठा पाट फोडला तर पाणी वाटेंतच संपावयाचें. मायक्रोफोनच्या जागेचा विद्युत्-विरोध अवघा कांहीं हजार ओहम असतो, म्हणून ती जागा ह्या झऱ्यावर फार ओढ बसविते आणि आवाजांतील तेज नाहींसें होऊन तो गोधडींत गुंडाळल्यासारखा येतो. वाद्याच्या जागेचा विरोध सुमारें दहा लाख ओहम असतो. ती झऱ्याला न दुखवितां त्याचा स्वाद तेवढा घेते. एका बटनाच्या अज्ञानापायीं चांगल्या गिटारीला नांवें ठेवलीं जातात. वारेमाप लांब तारहि हाच दोष आणते. घरांत तीन मीटर पुष्कळ झाली.

तिसरें विघ्न घोंघावण्याचें. पिकअपचे वेढे तारेचा कंप जसा टिपतात तसाच घरांतील विजेचा कंपहि टिपतात. भारतांत ही वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. म्हणून दिव्यांचे मंदक, पंख्याचे रेग्युलेटर, मोबाइल भारित करण्याचे अडॅप्टर हीं सारीं मंडळी गिटारींतून आपापला षड्ज लावून बसतात. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर ह्या तंत्रज्ञानें १९५५ सालीं ह्यावर एक सुंदर तोड काढली. दोन वेटोळीं जवळजवळ ठेवावयाचीं, त्यांचे वेढे आणि चुंबक परस्परांच्या उलट ठेवावयाचे. म्हणजे तारेचा आवाज दोहोंत मिळून वाढतो आणि बाहेरचें घोंघावणें एकमेकांस मारून टाकतें. ज्या गिटारीला एकेरी वेटोळें आहे तिच्या मालकानें एक फुकटचा उपाय करून पाहावा. संगणकापासून थोडें दूर सरावें आणि खुर्चीसकट सावकाश फिरावें. एका विशिष्ट दिशेला तोंड झालें कीं घोंघावणें एकदम पडतें. ती दिशा सांपडली कीं तेथेंच बैठक मांडावी.

येथवर गिटारीची वीज संगणकांत पोंचली. पण ती तशीच ऐकली तर ऐकणाऱ्याची निराशा होते. आवाज रोडका, कोरडा, आणि त्यावर ॲम्प्लिफायरचा खरखरीत रंग चढविला तर डासांच्या गुणगुणीसारखा चिरका येतो. ह्याचें कारण शिकण्यासारखें आहे. गिटारीसाठीं जो बारा इंची कागदी स्पीकर वापरतात तो सेकंदाला सुमारें ५,००० कंपांच्या वरचे आवाज फारसे बाहेर पडूंच देत नाहीं. रेडिओच्या दृष्टीनें हा दोष. गिटारीच्या दृष्टीनें तोच गुण. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे राबविलें कीं मूळ सुराभोंवतीं अनेक नवे उपसुर जन्मतात, आणि स्पीकर त्यांतील कर्कश तेवढे चाळणीसारखे अडवून धरतो. म्हणून स्पीकर हा गिटारीचा केवळ निरोप्या नव्हे, तो वाद्याचाच एक अवयव आहे. संगणकाला हा अवयवहि निर्माण करावा लागतो.

तो कसा करतात हें विजापूरच्या गोलघुमटांत ज्यांनीं टाळी वाजविली आहे त्यांना सहज समजेल. एक टाळी वाजवावी आणि घुमट जें उत्तर देतो तें नीट टिपून घ्यावें. आतां मुद्रित गिटारींतील प्रत्येक आंकडा म्हणजे एक लहानमोठी टाळी समजावी. प्रत्येक टाळीचें उत्तर तिच्या तिच्या प्रमाणांत मांडून सर्व उत्तरांची बेरीज केली, म्हणजे ती गिटार घुमटांत वाजल्यासारखी ऐकूं येते. स्पीकरची पेटी आणि तिच्यासमोरचा मायक्रोफोन ह्यांचेंहि असेंच एका टाळीचें उत्तर टिपून ठेवतात, आणि संगणक सेकंदाला कोट्यवधि गुणाकार करून तें गिटारीवर चढवितो. लाइन सिक्स ह्या अमेरिकन कंपनीची घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची तांबडी 'पॉड' पेटी १९९८ सालीं निघाली आणि ॲम्प्लिफायरची नक्कल घराघरांत शिरली. आज तीच विद्या फार पुढें गेली आहे. प्रत्यक्ष ॲम्प्लिफायर ऐकून ऐकून त्याची नक्कल आपली आपण शिकणाऱ्या आज्ञावली निघाल्या आहेत, व त्यांतील कांहीं विनामूल्यहि मिळतात.

इतके गुणाकार करावयाचे तर वेळ लागणारच. संगणक आंकडे एकेक घेत नाहीं, मूठमूठ घेतो. मूठ १२८ आंकड्यांची असेल तर ४८,००० च्या मापानें तिला सेकंदाचा सुमारें पावणेतीन हजारांश लागतो. १,०२४ ची असेल तर एकवीस हजारांश. आंत जातांना आणि बाहेर येतांना हा विलंब पुनः पुनः भरतो. आवाज हवेंतून एका हजारांश सेकंदांत सुमारें ३४ सेंटिमीटर चालतो. तेव्हां दहा हजारांशांचा उशीर म्हणजे स्पीकर साडेतीन मीटरवर ठेवून वाजविण्यासारखें, आणि तेवढें कोणालाहि सोसतें. पण चाळीस-पन्नास हजारांशांचा झाला कीं बोट पुढें आणि सूर मागें, अशी वादकाची फरफट होते. आणि आपला ठेका बिघडला असें समजून बिचारा स्वतःला दोष देतो. म्हणून वाजवितांना मूठ लहान ठेवावी. मागाहून नुसतें ऐकून जुळवाजुळव करतांना ती मोठी केली तरी चालते.

खरा ॲम्प्लिफायर आणि खरा स्पीकर घरांत वापरावयाचाच नाहीं काय? अवश्य वापरावा, मात्र शेजाऱ्यांचा विचार करून. येथें एक हिशेब उपयोगी पडतो. विजेची ताकद दसपट केली तर कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प्लिफायर १ वॉटच्या शंभरपट मोठा नव्हे, सुमारें चौपट मोठा भासतो. उलट अर्थानें, १ वॉटचा चिमुकला ॲम्प्लिफायरहि वाड्याच्या माडीवर पुरेसा कलह माजवूं शकतो. तो कपड्यांनीं भरलेल्या कपाटांत ठेवावा, भोंवतीं गाद्या-रजया रचाव्या, आणि स्पीकरच्या कागदापासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक साधा दणकट मायक्रोफोन ठेवावा. शुअर कंपनीचा १९६५ सालीं निघालेला एस-एम सत्तावन्न हा ह्या कामीं जगभर रुळलेला आहे. मायक्रोफोन कागदाच्या मध्यावर रोखला तर आवाज तेजस्वी व धारदार येतो. कडेला सरकविला तर मऊ व गडद. एवढ्याशा सरकण्यानें जो पालट होतो तो संगणकांतील दहा कळा फिरवून होत नाहीं. मात्र रजया उंच सूर गिळतात, खर्ज गिळीत नाहींत. तो भिंतींतून शेजाऱ्याच्या उशापर्यंत जातोच. म्हणून ह्या प्रयोगाला दुपारची वेळ चांगली, आणि आधीं शेजारीं विचारून येणें त्याहून चांगलें.

कोणताहि मार्ग घेतला तरी एक नियम सोन्यासारखा आहे. ॲम्प्लिफायरचा रंग चढण्यापूर्वीची जी शुद्ध, कोरडी गिटार तिचेंहि ध्वनिमुद्रण निराळें राखून ठेवावें. आज आवडलेला रंग सहा महिन्यांनीं भडक वाटतो. तेव्हां त्याच शुद्ध प्रतीवर नवा रंग चढवितां येतो. शिवाय ही कोरडी प्रत मोठी प्रामाणिक असते. गुंजन, घुमारा आणि खरखर ह्यांच्या भरजरी शालूखालीं जीं व्यंगें झांकून जातात तीं तिच्यांत उघडीं पडतात. अर्धवट दाबलेली तार, ठेक्याच्या आधीं पडलेलें बोट, सोडतांना घसरलेला सूर, हें सारें तेथें ऐकूं येतें. मुलानें आठवड्यांतून एकदां तरी ही कोरडी प्रत डोळे मिटून ऐकावी. तिच्याइतका निःस्पृह परीक्षक दुसरा मिळणार नाहीं.

परंतु ह्या सर्व सोयींच्या पोटांत एक धोका आहे, आणि वडिलांच्या प्रश्नाचें खरें उत्तर त्या धोक्याशीं गुंतलेलें आहे. लेस पॉलचा आठवा थर चुकला तर आठहि जात. आजच्या मुलाचा आठशेवा चुकला तरी कांहींच जात नाहीं. एक बटन दाबलें कीं चूक नाहींशी. चुकलेला सूर कापावा, बरोबर आलेला दुसरीकडून आणून चिकटवावा, ठेका ओढून जागेवर बसवावा, हें सारें घटकाभरांत होतें. खोडरबर हातीं असलेला विद्यार्थी जसा विचार करण्याआधीं लिहितो, तसा हा वादक तयारी होण्याआधीं मुद्रित करूं लागतो. मग संगणकांत 'अखेरचें', 'खरें अखेरचें', 'अगदीं अखेरचें' अशा नांवांच्या प्रतींचा ढीग पडतो, आणि पुरें झालेलें गाणें मात्र एकहि नसतें. तुकडे जोडून झालेलें वादन ऐकावयास निर्दोष असतें. पण स्नेहसंमेलनांत चार माणसांसमोर उभें राहण्याची वेळ आली कीं बोटें दगा देतात, कारण तो चार मिनिटांचा रस्ता त्यांनीं कधीं एका दमांत चाललेलाच नसतो.

ह्यावर उपाय यंत्र फेंकून देणें हा नव्हे. यंत्रानें काढून घेतलेली अट आपण होऊन पुनः घालून घेणें, हा उपाय आहे. गत आधीं पुरती बसवावी. कानांत लयीचा ठोका लावून ती पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवावी, मध्यें थांबूं नये. एका बैठकींत तीनच वेळां मुद्रित करावी, तिन्ही ऐकाव्या, एक निवडावी. तिघींत एकहि निवडण्याजोगी नसेल तर दोष पेटीचा नाहीं, तयारीचा आहे; संगणक बंद करावा आणि नुसती गिटार घेऊन बसावें. निवडलेल्या प्रतीवर तारीख घालावी आणि तिला हात लावूं नये. वर्षाअखेर अशा बारा प्रती ओळीनें ऐकल्या तर प्रगतिपुस्तकाची गरज उरत नाहीं. लेस पॉललाहि जें साधन लाभलें नव्हतें तें येथें आहे, आणि लेस पॉलची शिस्तहि घरांत आणतां येते. दोन्ही एका हातीं आलीं तर काय होणार नाहीं!

काय होतें ह्याचें उदाहरणहि डोळ्यांसमोर आहे. कॅलिफोर्नियांतील कॉम्प्टन गांवचा स्टीव्ह लेसी हा तरुण १९९८ सालीं जन्मला. त्याच्यापाशीं ध्वनिमुद्रणगृह नव्हतें. इंटरफेसची मोठी पेटीहि नव्हती. आगपेटीहून थोडें मोठें असें एक जोडयंत्र त्यानें आपल्या आयफोनला लावलें, त्यांत गिटार जोडली, आणि फोनमधील गॅरेजबँड ह्या आज्ञावलींत एकावर एक थर चढवीत तो गाणीं रचूं लागला. २०१७ सालीं त्याचा 'स्टीव्ह लेसीज डेमो' हा लहानसा संग्रह निघाला तो बहुतांशीं असा फोनवरच तयार झालेला होता. त्याच वर्षीं केन्ड्रिक लामार ह्या प्रसिद्ध कलावंताच्या 'डॅम' ह्या संग्रहांत 'प्राइड' नांवाचें गाणें आलें. त्याचाहि आरंभ लेसीच्या फोनवर झाला होता. त्या संग्रहाला २०१८ सालीं संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. ह्यावरून फोन घेतला कीं पुलित्झर मिळतें असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. साधन तोकडें असलें तरी सांगण्यासारखें कांहीं ज्याच्यापाशीं आहे त्याचें अडत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. नवी पेटी घेतल्यावांचून आपलें वाजविणें सुधारणार नाहीं असें म्हणणाऱ्या मुलाला हें उदाहरण सांगावें. आणि हा सगळा पैशाचा चुराडा आहे असें म्हणणाऱ्या वडिलांनाहि तेंच सांगावें.

दोन सूचना केवळ घरांतील वडील माणसांसाठीं आहेत, कारण तरुणपणीं त्या कोणी ऐकत नाहीं. पहिली कानांची. हेडफोनमधील गडगडाट शेजाऱ्यांना त्रास देत नाहीं म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणें सुरक्षित मानतात. तोच ९० डेसिबल झाला तर मर्यादा ४ तासांवर येते. कानाच्या आंतल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी एकदां मेल्या त्या पुनः उगवत नाहींत. संगणकांतील चूक परत फिरवितां येते, कानांतली येत नाहीं. हेडफोन काढल्यावर कानांत शिटी वाजत असेल तर त्या दिवसाचें काम तेथेंच थांबवावें. दुसरी सूचना जपणुकीची. २४ बिटांची एकेरी गिटार ४८,००० च्या मापानें मिनिटाला ८६ लाख ४० हजार बाइट एवढी जागा घेते. आजच्या साधनांना हें ओझें कांहींच नाहीं. तेव्हां एक प्रत संगणकांत, दुसरी निराळ्या तबकडीवर, आणि तिसरी घराबाहेर कोठेंतरी, अशा तीन ठिकाणीं ठेवण्यांत आळस करूं नये. मुलाच्या सोळाव्या वर्षींचें वाजविणें विसाव्या वर्षीं त्याला पोरकट वाटेल आणि तो तें पुसूं पाहील. पण चाळिसाव्या वर्षीं तेंच ऐकण्यासाठीं तो जीव टाकील.

आतां पुनः त्या रात्रीच्या दृश्याकडे. ह्या वेळीं आईनें दारांतून परत फिरूं नये, आणि वडिलांनींहि वर्तमानपत्र खालीं ठेवावें. बहुतेक पेट्यांना हेडफोनची एकच जागा असते. पण ती दुहेरी करणारी जोडतार कोणत्याहि विजेच्या दुकानांत स्वस्तांत मिळते. ती एक आणून ठेवावी आणि आठवड्यांतून एका रात्रीं मुलाशेजारीं बसून, त्यानें निवडलेली ती एक प्रत पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकावी. सूर समजले नाहींत तरी चालेल. आपलें काम कोणीतरी शेवटपर्यंत ऐकणार आहे, एवढें ठाऊक असलें कीं मुलगा तें शेवटपर्यंत नेतो. हें काम कोणत्याहि पेटीला करतां येत नाहीं, आणि तें घरच्या माणसांकडूनच व्हावयाचें असतें.